पहिली पायली गावाची: शेतकऱ्यांना पर्माकल्चरच्या जागतिक मेळाव्याला पाठवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा २२ जणांचा विषमुक्त शेतीचा गट आहे. त्यातल्या तिघांना, म्हणजे दोन बायका आणि एका तरुणाला, परदेशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर (निसर्गाची रीत पाहून शेत, पाणी आणि घर आखायची पद्धत) मेळाव्याला पाठवायचं ठरलंय. हाताशी सव्वा वर्ष आहे आणि गटाच्या खात्यात फारसं काही नाही. ऑनलाइन मोहीम काढावी का, कंपन्यांची दारं ठोठावावीत का, परदेशातल्या मराठी मंडळींचे पैसे घेतले तर चालतील का आणि मुळात सुरुवात कुठून करावी, हे तुम्ही विचारलंय.

सुरुवात गावातून करा, आणि पैशाआधी धान्यानं करा. गेली वीस वर्षं मी शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे काढतोय. ज्या दौऱ्याची पहिली वर्गणी गावातून आली, त्या दौऱ्यातून गावात काहीतरी परत आलं. जे दौरे एखाद्या मोठ्या देणगीदाराच्या एका चेकवर निघाले, ते चांगलेच झाले, माणसं खूश होऊन परतली, पण वर्षभरानं शेतात जाऊन पाहिलं तर बदल दिसायचा नाही. गेलेला माणूस देणगीदाराला अहवाल द्यायचा. शेजाऱ्याला सांगायचं त्याच्यावर बंधन नव्हतं, कारण शेजाऱ्यानं काही दिलेलंच नव्हतं.

आमचा सगळ्यात चांगला जमलेला दौरा २०१७ चा. त्या वर्षी हा जागतिक मेळावा भारतातच होता. नोव्हेंबरअखेरीस आधी हैदराबादला दोन दिवसांची परिषद झाली आणि मग तेलंगणातल्याच झहीराबादजवळच्या बिडकन्ने गावात, पर्माकल्चरचं काम करणाऱ्या अरण्य संस्थेच्या शेतावर, पुढचा मुक्कामी मेळावा. हे मेळावे १९८४ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाले. भारतातल्या मेळाव्याच्या आधीचा २०१५ मध्ये लंडनला होता, त्याच्या आधीचा २०१३ मध्ये क्यूबात. हा मेळावा आपल्या दारात येणार हे कळल्यावर आम्ही तुळजापूर-उमरगा पट्ट्यातल्या पाच गावांतून नऊ जणांना न्यायचं ठरवलं. उमरग्याहून झहीराबाद त्याच सोलापूर-हैदराबाद महामार्गावर शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिकडची काळी-तांबडी जमीन, तूर, ज्वारी, पावसाची लहर, सगळं आपल्यासारखंच. तुम्हाला विमानानं जायचंय, त्यामुळे तुमचा खर्च कितीतरी पट असेल. पण पैसे उभे करायची रीत तीच राहते.

शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. मळणीयंत्र शेतात उभं असताना गटातली दोन माणसं पोतं आणि मापटं घेऊन जायची. दारात जाऊन धान्य मागणं आणि मळणीच्या जागी मागणं यात फार फरक आहे. नव्या दाण्यात हात घालून उभा असलेला माणूस एक पायली सहज काढून देतो. तेच धान्य घरात कोठीत पडलं की तो हिशेब करायला लागतो. तसा तो करावाच लागतो, कारण वर्षाचं खाणं त्यात असतं. कुणी पायली दिली, कुणी चार पायल्या, एका घरानं अख्खं पोतं. फवारणी नसलेला शाळू म्हणून आम्ही तो सोलापुरातल्या ओळखीच्या घरांना थेट पोचवला. अडतीत घातला असता तर इतके पैसे झाले नसते.

आता यातली खरी गोष्ट. पावतीपुस्तक छापून घेताना आमच्या गटातल्या एका शिक्षिकेनं सुचवलं की पावतीवर नाव आणि रक्कम असतेच, खाली एक रिकामी ओळ ठेवू: 'तुमच्या वतीनं काय विचारून यायचं?' मला तेव्हा ते जरा वरवरचं वाटलं होतं. पण त्या एका ओळीनं दौऱ्याचा जीव बदलला. लोक पायली मापायचे थांबवून विचार करायला लागले. 'बोअर फेब्रुवारीतच बसतं, वरच्या बांधाला काय करावं.' 'रानडुकरांना काटेरी कुंपणाशिवाय काही आहे का.' 'हुमणीला काय करतात तिकडं.' 'दोन एकरात चार माणसांचं पोट भरतं का कुणाचं, आणि भरत असेल तर कसं, ते आकड्यानिशी.' शेत नसलेल्या एका बाईनं चिंचा फोडायच्या कामाची एका दिवसाची मजुरी आणून दिली आणि लिहायला सांगितलं, 'मला रान नाही. परसात चार पावलं जागा आहे. न्हाणीचं पाणी रस्त्यावर जातं, त्याचं काय करू ते विचारा.' दौऱ्याला जाताना नऊ जणांच्या हातात एक वही होती आणि तिच्यात १४३ प्रश्न होते. तुम्ही बाकी माझं काही ऐकलं नाही तरी चालेल, पण ही ओळ तुमच्या पावतीवर छापा.

गावातून आलेली रक्कम आमच्या एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याएवढीही नव्हती. तुमच्या विमानप्रवासात ती त्याहून कमी भरेल. तरी ती आधी हवी, कारण शहरातला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, 'गावानं किती दिलं?' पावतीपुस्तकाची स्थळप्रत समोर ठेवली, शंभर-सव्वाशे नावं आणि त्याखालचे प्रश्न दाखवले, की पुढे फार बोलावं लागत नाही.

मधला मोठा हिस्सा आम्ही हुरड्यातून उभा केला. जानेवारीत तीन रविवार, गुळभेंडी ज्वारीचं रान, आगटी, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही, वांग्याचं भरीत. सोलापूर आणि पुण्याहून माणसं आली. एक गोष्ट मात्र जपा. हुरड्याचा दर ठरवताना घरच्या बायकांची मजुरी त्यात धरा आणि त्यांना ती द्या. पहिल्या रविवारी आम्ही ती धरली नव्हती. संध्याकाळी भांड्यांच्या ढिगाशी बसलेल्या बायकांकडे बघून माझी मलाच लाज वाटली. ज्या दौऱ्यात बायकांनी शिकून यावं म्हणून आपण पैसे गोळा करतो, तो त्यांच्याच फुकटच्या राबण्यावर उभा राहू नये. तुमच्याकडे हुरडा होत नसेल तर भाताच्या गावात तांदूळ आहे, कोकणात आंब्या-काजूचा हंगाम आहे, घाटावर गूळ आहे. जे पिकतं तेच विका. बाहेरून आणलेल्या वस्तूंचे स्टॉल लावू नका, त्यात श्रम जातात आणि हाती काही उरत नाही.

पण पैशाआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे मेळाव्याची रचना. साधारण प्रथा अशी की आधी एक-दोन दिवसांची परिषद असते, ती सगळ्यांना खुली, आणि नंतरच्या मुक्कामी मेळाव्याला पर्माकल्चरचा ७२ तासांचा पायाभूत अभ्यासक्रम झालेला असावा लागतो. तुमच्या तिघांपैकी कुणाचा झालाय? नसेल तर आयोजकांना आजच लिहा. अनुभवी शेतकऱ्यांना सवलत देता येते का, शुल्क माफ होईल का, राहण्याची सोय कुणाच्या घरी होईल का, हे सगळं एकाच पत्रात विचारा. इटलीत तुरीनला २००४ पासून भरणाऱ्या तेर्रा माद्रे मेळाव्यात जगभरच्या शेतकऱ्यांना स्थानिक कुटुंबांनी घरी ठेवून घेतलं. हॉटेलचा खर्च तर वाचलाच, शिवाय त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जे शिकायला मिळालं ते सभागृहात मिळालं नसतं. अशी सोय मागायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट, कोण जाणार हे कुणी ठरवलं? तुम्ही लिहिलंय 'ठरलंय', पण कसं ते लिहिलेलं नाही. इंग्रजी येतं म्हणून, किंवा पासपोर्ट आधीच काढलेला आहे म्हणून एखाद्याची निवड झाली असेल, तर ती पुन्हा सभेत ठेवा. माझ्या पाहण्यात असं एकदा घडलं. एका दौऱ्यात संस्थेतला कार्यकर्ताच दरवेळी जायचा, कारण त्याचे कागद तयार असायचे. तिसऱ्या वर्षी गावानं वर्गणी द्यायचं बंद केलं, आणि त्यांचं बरोबर होतं. स्वतःच्या हातानं रान करणारा माणूस हवा. परत येऊन बोलेल असा हवा. दोन बायका पाठवताय हे उत्तम, कारण एकटी बाई परक्या देशात गप्प राहते, दोघी असल्या की रात्री एकमेकींशी बोलून दिवसभरात काय पाहिलं ते पक्कं करतात. आमच्या नऊ जणांत चार बायका होत्या आणि वहीतल्या निम्म्याहून जास्त उत्तरं त्यांच्या हातची आहेत.

आता अंदाजपत्रक. तिकीट, व्हिसा, विमा, नोंदणी, तिकडचा प्रवास हे सगळे लिहितात. राहून जातात त्या दोन बाबी, आणि दौरा त्यांच्यावरच अडतो.

एक म्हणजे मागे राहिलेलं घर. शेतकरी दोन आठवडे गेला की गाई-म्हशींची धार कोण काढणार, रात्रपाळीची लाईट आली तर पाणी कोण धरणार, म्हातारी माणसं आणि पोरं कुणाकडे? २०१७ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे तूर शेंगेत होती, हरभरा नुकता उगवला होता आणि ज्यांच्याकडे कापूस होता त्यांची वेचणी चालू होती. त्यात त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं थैमान घातलेलं. दोघा जणांनी ऐनवेळी 'जमत नाही' म्हटलं. तेव्हा गटानं त्यांची कामं सावडीनं वाटून घेतली आणि धारेसाठी एका माणसाला रोजंदारीवर लावलं. ती मजुरी वर्गणीतून दिली. त्याची नोंद अंदाजपत्रकात उघडपणे करा. देणगीदाराला ते खटकेल असं वाटतं, पण मला आजवर कुणीही त्यावर आक्षेप घेतलेला नाही. उलट एका गृहस्थांनी पत्र लिहून कळवलं की त्यांची देणगी म्हशीच्या धारेलाच लावावी.

दुसरी बाब म्हणजे दुभाषा. तुमच्या तिघांसाठी मराठी जाणणारा, शेतीचे शब्द माहीत असणारा एक माणूस पूर्ण वेळ हवा. चौथं तिकीट परवडत नसेल तर त्या देशात राहणारा मराठी माणूस आधीपासून शोधून ठेवा. तो अभियंता असला तरी चालेल, पण जाण्याआधी त्याला दोन-तीनदा फोनवर तुमच्या शेतकऱ्यांशी बोलायला लावा, म्हणजे वाफसा, बांध, पाळी, डवरा हे शब्द त्याच्या कानावरून जातील. बिडकन्न्यात आमची अडचण कमी झाली, कारण त्या पट्ट्यात तेलुगूबरोबर दखनी (तिकडची हिंदी-उर्दू) आणि कन्नडही चालते आणि आमच्या सीमेवरच्या माणसांना दोन्हींची सवय. तिथे झहीराबाद भागातल्या एका बाईनं टोपलीतली ज्वारी दाखवत 'जोन्नलु' म्हटलं आणि आमच्या एकीनं पदराच्या गाठीतून स्वतःची ज्वारी काढून तिच्या हातावर ठेवली. मग दोघी जमिनीवरच बसल्या. कोणतं बियाणं राखेत ठेवायचं, कोणतं कडुनिंबाच्या पाल्यात, हे त्यांनी अर्धं हातवाऱ्यांनी अर्धं दखनीत उरकलं. पण हे बियाण्याच्या बाबतीत जमतं. जमिनीच्या उताराचा आराखडा कुणी समजावून सांगत असेल तेव्हा हातवारे पुरत नाहीत.

कागदपत्रांना आजच लागा, वर्गणीच्याही आधी. पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, खर्च मोठा नाही. वेळ जातो तो नावांच्या जुळवाजुळवीत. बायकांचं आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, सातबाऱ्यावर तर बहुतेकदा नावच नाही. एका ताईंचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं आणि ते एका ओळीत आणायला चार महिने लागले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते असा, शेरा येतो. त्यानं घाबरू नका, तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, मेळाव्याला जाण्यात त्याची आडकाठी नाही.

व्हिसासाठी बहुतेक देश तीन ते सहा महिन्यांचं बँकेचं विवरण आणि आयकराचे कागद मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याकडे विवरणपत्र नसतंच. मग सातबारा, आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, दूध डेअरीचा उतारा, कुटुंबाची माहिती आणि गटाचं प्रायोजकत्वाचं पत्र असं सगळं जोडावं लागतं. यातून एवढंच दिसायला हवं की हा माणूस आपलं रान, आपली गुरं आणि आपलं घर सोडून तिकडे राहणार नाही. एक चूक मात्र हमखास होते. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरतात. व्हिसा अधिकाऱ्याला ती लगेच दिसते आणि शंका येते. खर्च गट करणार असेल तर गटाच्या खात्याचं विवरण लावा आणि तसं स्पष्ट लिहा.

व्हिसा नाकारलाही जाऊ शकतो. सगळे कागद चोख असूनही जातो, आणि फी परत मिळत नाही. म्हणून वर्गणी घेतानाच सांगा की व्हिसा न मिळाल्यास उरलेल्या पैशाचं काय होईल. आम्ही पावतीच्या मागे छापायचो: 'प्रवास न झाल्यास ही रक्कम गटाच्या बियाणे कोठीसाठी वापरली जाईल. कुणाला परत हवी असल्यास ३० दिवसांत परत दिली जाईल.' परत मागायला आजवर कुणी आलं नाही, पण हे छापलेलं असतं म्हणून माणूस निर्धास्त देतो.

कायद्याचं आता सांगतो, आणि हे सांगून झाल्यावरही एकदा सनदी लेखापालाकडे जाऊन बसा. तुमचा गट नोंदणीकृत न्यास नसेल तर महाराष्ट्रात सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१-क खाली घेतात तीच. नोंदणीकृत संस्थेच्या नावावर गोळा करणार असाल तर त्या संस्थेच्या घटनेत प्रशिक्षण, अभ्यासदौरा असं काही उद्दिष्ट आहे का ते पाहा. ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी, सवलत मिळेल असं कुणाला सांगण्याआधी संस्थेचं प्रमाणपत्र चालू आहे याची खात्री करा. शिवाय २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. भारताबाहेर होणाऱ्या खर्चाला धर्मादाय संस्थांच्या करमाफीत वेगळे नियम आहेत. तिकीट इथूनच काढणं, नोंदणी शुल्क माफ करून घेणं, हे त्या दृष्टीनंही सोयीचं पडतं.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या पैशाबद्दल बहुतेकांचा गोंधळ असतो. परदेशी देणगीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, माणूस कुठे राहतो यापेक्षा त्याचं नागरिकत्व महत्त्वाचं. भारतीय पासपोर्ट असलेला पुतण्या न्यू जर्सीतून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या काकांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्यांचे पैसे परदेशी ठरतात, मग ते कितीही आपले असोत आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असो वा नसो. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाचा चेकही परदेशीच. एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेनं तो घेऊ नये. अशा मंडळींना दुसरं काम सांगा. तुमचे शेतकरी त्यांच्या शहरात उतरणार असतील तर राहायला घर, विमानतळावर गाडी, दुभाष्याचं काम, थंडीचे कपडे. आनंदानं करतात, आणि पैशापेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो.

तुमच्या तिघांत कुणी ग्रामपंचायत सदस्य आहे का? असेल तर हे नीट वाचा. याच कायद्यात पंचायतीचा सदस्यही लोकप्रतिनिधींच्या व्याख्येत येतो. त्याला परदेशी संस्थेकडून देणगी घेता येत नाही, आणि परदेशात त्यांच्या खर्चानं राहायचं-फिरायचं असेल तर केंद्र सरकारची आगाऊ परवानगी लागते. राजकीय पक्षाचा पदाधिकारी, सरकारी नोकर यांनाही हाच नियम. गटात सरपंचबाई असतात, कुणी तालुक्याचा पदाधिकारी असतो, आणि कुणाच्या हे ध्यानातही नसतं.

ऑनलाइन मोहीम करावी, पण उशिरा. केटो, मिलाप यांसारख्या वर्गणीच्या संकेतस्थळांवर मोहीम उघडल्याबरोबर अनोळखी माणसं पैसे टाकत नाहीत. पहिले पैसे ओळखीचेच येतात, आणि आकडा जरा पुढे सरकलेला दिसला की मगच बाकीचे हात लावतात. म्हणून गावची वर्गणी आणि जवळच्यांची मदत झाल्यावर, उरलेल्या एखाद्या नेमक्या खर्चासाठी, समजा दोन तिकिटांसाठी, मोहीम उघडा. त्यांचं शुल्क काय, पैसे किती दिवसांनी खात्यात येतात, परदेशी देणगी बंद ठेवता येते का, हे आधी वाचून घ्या.

आवाहनात काय लिहिता याकडे माझं फार लक्ष असतं. त्याच वर्षी, २०१७ च्या खरिपात, यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले होते. आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं की ते फोटो टाका, लोक हेलावतील, पैसे येतील. आम्ही टाकले नाहीत. दुसऱ्याच्या घरातलं मरण दाखवून आपलं तिकीट काढायचं नाही, असं गटानं एकमतानं ठरवलं. आणि आपला शेतकरी तिकडे हात पसरायला चाललेला नाही. तो काहीतरी जाणतो, ते घेऊन चाललाय. म्हणून आवाहन असं लिहा: 'या ताई अडीच एकर कोरडवाहूत १४ प्रकारचं धान्य घेतात. ११ वर्षं बियाणं विकत आणलेलं नाही. हे त्या जगभरच्या शेतकऱ्यांना सांगणार आहेत आणि आपल्या गावाचे १४३ प्रश्न विचारून येणार आहेत. त्यांच्या तिकिटात तुमचा वाटा असावा.' फोटो रानातला, कामात असलेला, मान वर. आणि ज्याचा फोटो आहे त्याला मजकूर वाचून दाखवल्याशिवाय तो बाहेर पाठवू नका.

कंपन्यांकडे जायचं असेल तर कोणत्या कंपन्या चालतील ते आधी गटात ठरवा. खतं-औषधं विकणाऱ्या एकीनं आम्हाला सगळा खर्च देऊ केला होता, बदल्यात फक्त त्यांच्या नावाच्या टोप्या घालायच्या. दोन तास चर्चा झाली. नाही म्हटल्यामुळे आमचा एक महिना हुकला, पण टोपी घालून कुणाला विषमुक्त शेतीवर बोलता आलं नसतं. सहकारी पतसंस्था, दूध संघ, तालुक्यातले डॉक्टर, जुने विद्यार्थी यांच्याकडे जा. लहान रकमा येतात, पण दरवर्षी येतात.

हिशेब दर महिन्याला पारावर वाचा. ग्रुपवर टाकून भागत नाही. वाचताना माणसं समोर बसलेली हवीत. आमच्याकडे एका आजोबांनी 'चहाचे १६० रुपये कोणत्या दिवशीचे?' असं विचारलं. तारीख सापडेपर्यंत पुढची ओळ वाचू दिली नाही. कार्यकर्त्यांपैकी काही जणांना तो अपमान वाटला. मला वाटतं त्या दिवशी आमच्या वर्गणीची पत वाढली, कारण पुढच्या महिन्यात त्याच आजोबांनी स्वतःहून दोनदा वर्गणी दिली.

आणि एक मनातलं. तुमचे तिघे याआधी जिल्ह्याबाहेरच्या कुठल्या मेळाव्याला गेले नसतील, तर या सव्वा वर्षात त्यांना एकदा तरी देशातल्या देशात पाठवा. आमच्यातल्या दोघी २०१६ च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या राष्ट्रीय मेळाव्याला जाऊन आल्या होत्या. त्यामुळे पुढच्या वर्षी त्या बुजल्या नाहीत, कुणाला गाठायचं आणि काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. अनोळखी अन्न, अनोळखी संडास, चारशे माणसांत माइक हातात धरणं, ही सवय रेल्वेच्या तिकिटात होते. ती विमानाच्या तिकिटावर करायला लावू नका.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत पहिली बैठक घ्या. आम्ही पाचही गावांत वही उघडली आणि प्रश्न ज्यानं विचारला त्याचं नाव घेऊन उत्तर वाचलं. सगळ्यांची उत्तरं नव्हती. रानडुकरांचं समाधान कुणाकडेच मिळालं नाही, तसं सांगितलं. बोअरच्या प्रश्नावर बिडकन्न्यात दाखवलेले चर निघाले. पाणलोटाच्या कामात आपण सलग समतल चर खणतो त्यांचेच भाऊबंद, फक्त त्यांच्या भरावावर झाडं लावून ते जिवंत ठेवलेले. आमच्यातल्या एका ताईंनी परत येऊन बांबूच्या तीन काठ्या, सुतळी आणि एक दगड एवढ्यावर समपातळी काढायची घोडी बांधली आणि वरच्या बांधापासून खुणा मारत गेल्या. तलाठ्याची मोजणी बघावी तसे लोक बघायला जमले होते.

न्हाणीच्या पाण्याचं उत्तर आम्ही त्या बाईच्या परसातच जाऊन सांगितलं. गुडघाभर खोल, माणूस आडवा झोपेल एवढं गोल आळं खणलं. आत पालापाचोळा, तुऱ्हाट्या, वाळलेलं गवत दाबून भरलं. काठावर केळी, एक पपई, खाली अळू. न्हाणीचं पाणी नळीनं मधोमध सोडलं. ती स्वतः खणत होती, आम्ही नुसते सांगत होतो. पुढच्या वर्षी शाळूच्या सुगीत वर्गणीसाठी गेलो तेव्हा तिच्या दारात थांबायचं कारण नव्हतं, तिला रान नाही. तिनंच हाक मारली, केळीचा एक फणा पोत्यावर ठेवला आणि पावती मागितली. ओळ रिकामी ठेवू का विचारलं, तर म्हणाली, थांबा, लिहा: अळू फार झालंय, इतकं विकायचं कुठं?